थारची जडीबुटी घरी आणताय? या चुका टाळा

जोधपूर-जैसलमेर फिरून येणाऱ्यांच्या सामानात हल्ली एखादी पुडी हमखास असते. कधी वाळलेला तुंबा, कधी पनीर डोडा, नाहीतर गुग्गुळाचे खडे. थारमधल्या भिल्ल, रायका, कालबेलिया लोकांना या वनस्पतींची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे आणि मला तिचा मनापासून आदर वाटतो. म्हणूनच किती घ्यायचं, कसं घ्यायचं आणि कोणी घ्यायचंच नाही, हे न विचारता पुडी उचलणं खटकतं.

तुंब्याचा रस पिणं

सगळ्यात घातक चूक ही. तुंबा म्हणजे वाळूवर पसरणारं कडू इंद्रावण. फळ मोसंबीएवढं, हिरव्या पट्ट्यांचं. कलिंगडाच्याच कुळातलं, त्यामुळे दिसतंही तसंच. कापलं की आत पांढरा, भुसभुशीत गर. जिभेला नुसता टेकवला तरी तोंड कडूजहर होतं. तिकडे मधुमेहासाठी ही ताजी फळं पायांखाली तुडवायची रीत आहे. पोटात घ्यायचं ते जुलाबासाठी, तेही जाणकाराच्या हातून, अगदी थोडं. आपल्याकडे मात्र ‘जेवढं कडू तेवढं साखरेला चांगलं’ म्हणत लोक पेलाभर रस काढतात. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. त्यातली कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं तुंब्यातही असतात, आणि भरपूर असतात. आतड्याला सूज येते, रक्ताचे जुलाब होतात. गरोदर बाईने तर याच्या वाटेला जाऊच नये.

कोणी प्यायलंच असेल तर मुद्दाम उलटी काढू नका. ताक, लिंबूपाणी देत वेळही घालवू नका. उरलेलं फळ सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पनीर डोड्यावर साखर सोपवणं

ही अश्वगंधेच्या जवळच्या झुडपाची फळं. यांनी दूध फाटतं, म्हणून हे नाव. रात्री भिजवून सकाळी त्याचं पाणी पितात. डॉक्टरांना न सांगता मधुमेहाच्या गोळ्यांच्या जोडीला ते सुरू केलं, तर रक्तातली साखर नको तितकी उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर आधी साखर किंवा गूळ खा, मग रक्त तपासा. आणि पाण्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणं ही त्याहून मोठी चूक.

रुईचा चीक हलक्यात घेणं

रुतलेला काटा वर यावा म्हणून तिकडे आकाचा, म्हणजे आपल्या रुईचा, चीक लावतात. तोच हात डोळ्याला लागला तर अनेकदा दुखत नाही, आणि तिथेच फसगत होते. बुबुळाला सूज येऊन काही तासांनी धूसर दिसू लागतं. दुखत नसलं तरी निदान 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

नाव जुळलं म्हणून साल घेणं

रोहिडा हे राजस्थानचं राज्यपुष्प. यकृताच्या तक्रारींवर याची साल वापरतात. पण आपल्या बाजारात ‘रक्तरोहिडा’ म्हणून मिळते ती साल बरेचदा सह्याद्रीतल्या वेगळ्याच झाडाची असते. झाड ओळखणाऱ्या वैद्याला दाखवल्याशिवाय काढा करू नका.

गुग्गुळाचा कच्चा खडा खाणं

वैद्य गुग्गुळ तसाच देत नाहीत. त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून, गाळून, शुद्ध करूनच देतात. कच्च्याने पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं. थायरॉईडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शुद्ध गुग्गुळही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

खडे घेताना झाडाचाही विचार करा. हे झुडूप फार सावकाश वाढतं. सालीला बेताची खाच दिली तर डिंक मिळतो आणि झाडही तगतं. जास्त डिंकाच्या हव्यासापायी खोल खाचा घालून वर रसायन लावलं की झाड वाळतं. कच्छ आणि राजस्थानात अशी कितीतरी झाडं गेली. आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे. त्याची लागवडही होते, तेव्हा डिंक लागवडीतला आहे का, हे दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका, धुपासाठीसुद्धा.