परसातली माती घेऊन एक्स्टेंशन ऑफिसात कसं जावं

न्यू जर्सीत घर घेतलं त्या पहिल्या वर्षी मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कारल्याच्या बिया टोकल्या. पाडवा होऊन गेला होता, बाहेर छान ऊन पडलं होतं, आणि आमच्या सांगलीकडच्या डोक्याला ऊन म्हणजे उन्हाळा एवढंच कळतं. बिया जमिनीतच कुजल्या. मेच्या शेवटी पुन्हा लावल्या, वेल वर आले, पण पानं पिवळी. ओळखीतल्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं, "चुना टाक." दुसऱ्यांचं म्हणणं, खत कमी पडलंय. मी अंदाजपंचे दोन्ही टाकलं. त्या वर्षीची कारली इंडियन ग्रोसरीतूनच आली.

गावाकडे असतो तर कृषी सहाय्यकाला गाठलं असतं. इथेही तसं ऑफिस असतं हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. त्याचं नाव कोऑपरेटिव्ह एक्स्टेंशन. अमेरिकेत बहुतेक प्रत्येक काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) शेती-बागेचा सल्ला देणारी ही सेवा पोचते, आपण भरतो त्या करातून चालते, आणि दहा एकरवाल्याइतकीच दहा फुटांच्या वाफ्यासाठीही असते.

"कोऑपरेटिव्ह" ऐकून आपल्याला साखर कारखाना आठवतो. इथे शेअर नाहीत, सभासद नाहीत, चेअरमनच्या निवडणुकीची तर बातच नको. सहकार आहे तो केंद्र, राज्य आणि काउंटी या तिघांचा: पैसा तिघांचा, ज्ञान राज्याच्या कृषी विद्यापीठाचं. १८६२च्या मॉरिल कायद्याने जमिनी देऊन ही विद्यापीठं उभी राहिली, १८८७च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रं जोडली आणि १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ते संशोधन शेतकऱ्याच्या दारात न्यायची सोय केली. त्याआधी १९०३मध्ये सीमन नॅप नावाच्या गृहस्थांनी टेक्ससमधल्या टेरेल गावी एका शेतकऱ्याच्याच रानात सुधारित पद्धत करून दाखवली होती. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ठेवली होती! आपल्याकडचं राहुरीचं कृषी विद्यापीठ उभं राहत होतं तेव्हा पेनसिल्वेनियाच्या अशाच विद्यापीठाने मदत केली होती, म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही.

आता कामाचं.

आधी आपलं ऑफिस शोधा

काउंटीचं नाव आणि पुढे "एक्स्टेंशन" एवढं शोधलं की सापडतं. नाव राज्याप्रमाणे बदलतं. न्यू जर्सीत रटगर्स, न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल, पेनसिल्वेनियात पेन स्टेट, टेक्ससमध्ये ए अँड एम अ‍ॅग्रीलाइफ, फ्लोरिडात युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा. माहिती वाचताना ती आपल्याच राज्याची आहे ना, हे पाहा. टेक्ससचं पेरणीचं वेळापत्रक मिनेसोटात वापरलं तर माझ्या कारल्यासारखी गत होईल. पुण्याच्या यूट्यूबवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचं चुकत नाही, त्यांचं हवामान वेगळं आहे.

बऱ्याच काउंट्यांत फोन उचलतात ते "मास्टर गार्डनर". ही पगारी माणसं नव्हेत. विद्यापीठाचं प्रशिक्षण घेऊन त्या बदल्यात ठरावीक तास सेवा देणारे स्वयंसेवक असतात, बहुधा निवृत्त. त्यांचे वार आणि वेळा ठरलेल्या असतात, त्या पाहून मगच फोन करा.

फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: काय लावलं, कधी लावलं, ऊन किती तास येतं, आतापर्यंत काय काय टाकलं. "माझी भाजी येत नाही" यावर कोण काय सांगणार? आणि भाजीची इंग्रजी नावं हाताशी असू द्या. दुधी म्हणजे बॉटल गोर्ड, कारलं म्हणजे बिटर मेलन, मेथी म्हणजे फेन्युग्रीक. समोरच्याला तरीही उमगलं नाही तर दुधी-कारली काकडी-भोपळ्याच्या कुळातली आहेत असं सांगा. तेवढ्यावर त्यांचं निम्मं काम होतं.

पहिल्याच फोनवर एक प्रश्न हमखास विचारा: आपल्या भागात फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, शेवटचं कधी पडतं? पिकं जाळतं ते हेच. ती तारीख सरासरीची असते, म्हणून कारली, दुधी, भेंडी तिच्यानंतर आठ-पंधरा दिवस थांबून लावावीत, जमीन ऊबदार झाल्यावर. मेथीला मात्र थंडी चालते. ती एप्रिलमध्ये खुशाल फेका.

मातीचा नमुना

बहुतेक राज्यांत विद्यापीठाची प्रयोगशाळा साधारण दहा ते तीस डॉलरांत माती तपासून देते. नॉर्थ कॅरोलिनात हे काम राज्याचं कृषी खातं करतं आणि एप्रिल ते नोव्हेंबर फुकट करतं. कॅलिफोर्नियाचं विद्यापीठ घरगुती बागांची माती तपासत नाही, तिथे खासगी प्रयोगशाळा गाठावी लागते.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा चांगला. वसंतात साऱ्या राज्याची पाकिटं एकदम येऊन पडतात आणि रिपोर्टाला उशीर होतो. शिवाय चुना सांगितलाच तर त्याला मुरायला हिवाळा मिळतो.

प्लास्टिकची स्वच्छ बादली घ्या. जस्ताचा मुलामा असलेली नको, नाहीतर रिपोर्टात जस्त भलतंच दिसेल. वरचा पालापाचोळा बाजूला सारा. खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक पातळ चकती काढा. वरवरची मूठभर माती उचलू नका. खत तिथेच साचलेलं असतं, आकडे फुगतात. अशा दहा-बारा चकत्या वाफ्यात नागमोडी चालत गोळा करा. खडे-मुळं काढा, ढेकळं हाताने फोडा, सगळं नीट कालवा. मग ती माती वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवा. ओव्हनमध्ये घालू नका. (आमच्या घरी हा प्रस्ताव आला होता. ओव्हनच्या मालकिणीने तो फेटाळला.) वाळलेल्या मातीतली पेला-दोन पेले पाकिटात भरायची, बाकीची वाफ्यात परत.

पुढचं अंगण, मागचा वाफा आणि हिरवळ यांची माती एकत्र करू नका. तिन्ही हवी असतील तर तीन पाकिटं, तीन शुल्कं. मी फक्त वाफ्याची देतो.

फॉर्मवर पीक कोणतं घेणार हे विचारतात, तो रकाना मोकळा सोडू नका. शिफारस त्यावरच बेतलेली असते. टोमॅटो-वांग्याला चालणारी जमीन ब्लूबेरीला चालत नाही. तिला सामू (पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा सांगणारा आकडा; जितका कमी तितकी माती आंबट) साडेचार ते साडेपाच लागतो. मेथीचं नाव यादीत नसणार, तिथे "भाजीपाला" निवडा.

घर १९७८च्या आधीचं असेल तर शिशाची तपासणीही मागा, तिचे थोडे जास्त पैसे पडतात. त्या साली अमेरिकेत घरगुती रंगांमधलं शिसं बंद झालं. जुन्या रंगाचे पोपडे भिंतीलगतच्या मातीत पडून राहतात आणि शिसं काही विरून जात नाही. आपण नेमकी कोथिंबीर-मेथी स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला लागून लावतो. पालेभाजीला चिकटलेली माती पोटात जाते, आणि घरात रांगतं मूल असेल तर ते ती माती थेट तोंडात घालतं. आकडा जास्त आला तर लाकडी चौकटी करून विकतची माती भरणं हा सोपा मार्ग आहे.

रिपोर्ट वाचताना

पहिली ओळ सामूची. भाजीपाल्याला सहा ते सात चांगला. आपल्याकडे देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू सातच्या वर, म्हणून चुना टाकायची गोष्ट घाटावरच्या शेतकऱ्याला विचित्र वाटते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाऊस भरपूर, चुना धुऊन जातो आणि जमीन आंबट होते. म्हणजे काकांचा सल्ला तत्त्वतः बरोबर होता. मी किती टाकला, हे मात्र मला किंवा त्यांना कुणालाच माहीत नव्हतं.

ते गणित असं. रिपोर्ट दर हजार चौरस फुटांना अमुक पौंड अशा भाषेत येतो. समजा ५० पौंड चुना सांगितलाय. तुमचा वाफा आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. ५० गुणिले ३२, भागिले १०००: १.६ पौंड. पाऊण किलोपेक्षा किंचित कमी! दुकानात पोतं मिळतं ४० पौंडांचं, आणि मी ते अर्धं रिकामं केलं होतं. जास्त चुन्याने लोह पिकाला मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून टाकला तेच वाढतं.

खाली नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम). नत्राचा आकडा दिसला नाही तर घाबरू नका. तो मातीत आठवड्यागणिक बदलतो, म्हणून बहुतेक प्रयोगशाळा तो नेहमीच्या चाचणीत मोजत नाहीत, पिकानुसार किती द्यायचं ते सांगतात. पोत्यावरचे तीन आकडे आपल्या १५:१५:१५सारखेच, क्रमही तोच. आपल्या लोकांच्या वाफ्यांत स्फुरद बहुधा "अति" येतं, कारण दरवर्षी शेणखताची आणि कंपोस्टची पोती रिचवलेली असतात. तसं आलं तर ज्या खताचा मधला आकडा शून्य आहे ते घ्या.

पान, कीड आणि घाई

किडीसाठी फोटो पाठवायचा असेल तर तीन काढा: पूर्ण झाड, रोगट पान वरून, तेच पान खालून. शेजारी एखादं नाणं ठेवा, आकार कळतो. प्रत्यक्ष पान द्यायचं तर कोरड्या कागदात गुंडाळा, ओल्या प्लास्टिकमध्ये सडतं. टपालाने पाठवणार असाल तर सोमवारी पाठवा, म्हणजे शनिवार-रविवार पाकीट कुठे पडून राहणार नाही. आणि आधी फवारणी करून मग विचारायला जाऊ नका.

मी हे शिकलो एका शनिवारी, बाजारातल्या मास्टर गार्डनरांच्या टेबलावर. टोमॅटोवर बोटाएवढी हिरवी अळी होती, अर्ध्या फांदीची पानं फस्त. फोटो दाखवला. टेबलामागच्या आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि विचारलं, "पाठीवर हे काय आहे?" पाठीवर पांढरे दाणे होते, अगदी आंबेमोहोराच्या कण्या चिकटल्यासारखे. मी म्हटलं, अंडी असतील, मारूनच टाकतो. "मारू नका. हे कोश आहेत. छोट्या गांधीलमाशीचे. ही अळी आता काही खाणार नाही, आणि या कोशांतून माश्या निघाल्या की त्या तुमच्या बाकीच्या अळ्या शोधतील." फवाऱ्याची बाटली मी तोवर गाडीत घेऊन ठेवली होती. ती परत केली.

फवारावंच लागलं तर बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा. त्यावर लिहिलेल्या पिकांखेरीज दुसऱ्या पिकावर ते औषध मारणं इथे बेकायदा आहे.

कढीलिंबाचं रोप

दुसऱ्या राज्यात घर बदलताना किंवा टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीला रोप भेट देताना आधी एक्स्टेंशनला विचारा. कढीलिंब लिंबाच्याच कुळातला. संत्र्या-मोसंबीच्या झाडांना "ग्रीनिंग" हा रोग पसरवणारी बारीक कीड त्याच्या कोवळ्या पानांवर पोसते. हा रोग फ्लोरिडात २००५ साली सापडला आणि तेव्हापासून तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरलं आहे. म्हणून संत्री पिकवणाऱ्या राज्यांत या रोपांच्या ने-आणीवर बंधनं आहेत. भारतातून येताना बॅगेत रोप आणणं तर सोडूनच द्या, आणि बिया असतील तर विमानतळावर जाहीर करा.

लोणच्याची बरणी

हे ऑफिस स्वयंपाकघरातही मदत करतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. बागेतल्या मिरच्या-लसूण तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवणार असाल तर थांबा. तेलाखाली हवा नसते, आणि पुरेसं आंबट नसलेल्या लसणात तिथे बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. वासाने ते कळत नाही. सामू ४.६च्या खाली हवा, म्हणजे लिंबू किंवा व्हिनेगर मोजून, नाहीतर बरणी फ्रीजमध्ये आणि थोड्या दिवसांत संपवायची. भाज्या डब्यात भरून वर्षभर ठेवायच्या तर प्रेशर कॅनर लागतो. आपला रोजचा कुकर त्याऐवजी चालत नाही. तपासलेल्या कृती जॉर्जिया विद्यापीठाच्या घरगुती अन्नसाठवण केंद्राच्या साइटवर फुकट आहेत. आजीची कृती त्यांच्याशी ताडून पाहताना आजीला कळू देऊ नका.

मुलं असतील तर जाताजाता फोर-एचची चौकशी करा. त्याच ऑफिसचा मुलांसाठीचा कार्यक्रम आहे, कोंबड्या पाळण्यापासून रोबोटपर्यंत काहीही चालतं. आमच्या मुलीने ससे निवडले, ते आता कारल्याच्या वाफ्याशेजारी राहतात, जाळीआड.

रिपोर्ट जपून ठेवा आणि त्यावर चुना-खत टाकल्याची तारीख व वजन स्वतःच्या हाताने लिहा. पुढचा नमुना तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच वाफ्यातून.