नाग नदीत पोहायचंय? मग या चुका टाळा

उन्हाळा लागला, नदीत पोकलेन उतरलं, की मला फोन सुरू होतात. "सर, आमच्याकडे नदी साफ होऊन राहिली. पोरं पोहतील का आता?" मी बरीच वर्षं नागपूरच्या नाग नदीचं पाणी बाटल्यांत भरून तपासतो आहे. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा होताना पाहून जीव तुटतो.

पोकलेनपासूनच सुरुवात करू. गाळ काढायलाच हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे सांगावं लागत नाही. पण ते पुरापासून वाचण्याचं काम आहे. नदीतली घाण रोज सकाळी न्हाणीघरांतून आणि संडासांतून नव्याने येते. तळ खरवडून ती थांबत नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महागात पडणारी चूक: पाणी नितळ दिसलं, मीटरवर आकडा चांगला आला, की नदी पोहण्याजोगी झाली असं जाहीर करणं. ही मी स्वतः केली आहे. जानेवारीची दुपार होती, शहराच्या पश्चिमेकडचा एक पट्टा, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ पाणी. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा पाचाच्या बराच वर. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आहे. बरोबरची पोरं नाचायला लागली, गटावर फोटो गेले आणि मीही त्यांना अडवलं नाही.

रात्रभर चैन पडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच दगडापाशी गेलो. ऑक्सिजन दोनाच्याही खाली. गोट्यांवरचं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. आदल्या दुपारी मी शेवाळाची मेहनत मोजली होती. प्रयोगशाळेतल्या नळ्यांचं तर विचारूच नका. त्या नळ्यांत एक बारकी नळी उलटी ठेवलेली असते. ४४.५ अंशांवर चोवीस तास ठेवल्यावर तिच्यात वायूचा बुडबुडा अडकला, तर पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत असं समजायचं. आमची पहिली नळी भरली, दुसरी भरली, पाणी हजारपट पातळ केलेल्या नळ्यासुद्धा भरल्या. १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असे जंतू चांगले, २५०० ही शेवटची मर्यादा. आम्ही तिच्या कितीतरी पुढे होतो. त्याच पाण्यात दोन पोरं गुडघाभर उतरली होती.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली. नमुना पहाटेच घ्यायचा. बाटली निर्जंतुक केलेली हवी. बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तासभर राहिलेली बाटली मी सरळ ओतून टाकतो. एका आकड्यावर कधीच बोलत नाही. पावसाळ्यातला, थंडीतला, सणानंतरचा, असे वर्षभराचे आकडे हातात असले तरच तोंड उघडतो. नव्या मंडळींना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना रविवारी नमुना घेऊन सोमवारी बातमी हवी असते. तेवढी घाई असेल तर या कामात पडू नका, कारण उद्या तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून कुणाचं तरी लेकरू पाण्यात उतरेल.

दुसरी चूक म्हणजे घाण फक्त मोठ्या नाल्यांतून येते असं धरून चालणं. पावसाळी गटाराचा पाइप डिसेंबरात वाहत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, एवढं लक्षात ठेवा. अशाच एका पाइपाखाली आम्ही पहाटे साडेपाचला बादली लावली. ती भरायला पाऊण मिनिट लागलं. सात वाजता, नळ आल्यावर, दहा सेकंदांत भरली, वर साबणाचा फेस. मग एकेक झाकण उघडत गल्लीत वर गेलो. एक काकू फाटकात आल्या, "काहून जी, काय शोधून राहिले?" सांगितल्यावर त्यांनीच समोरच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवलं. तिथल्या लोकांना विचारून संडासात खाण्याचा केशरी रंग ओतला आणि चार मिनिटांत नदीकाठच्या पाइपातून केशरी पाणी आलं. मलवाहिनी रस्त्याच्या पलीकडे होती आणि रस्ता फोडायचा खर्च वाचवायला बांधणाऱ्याने जवळच्या पावसाळी गटारात जोड मारला होता. राहणाऱ्यांना पत्ताच नव्हता.

पॅरिसचं नाव सगळे घेतात. सेन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती आणि जुलै २०२५ मध्ये लोकांसाठी तीन जागा खुल्या झाल्या. सुमारे १४० कोटी युरो लागले. ऑस्टरलित्झ स्थानकाजवळ पावसाचं पाणी साठवायला ५०,००० घनमीटरची टाकी बांधली, तिचे फोटो सगळीकडे फिरतात. पण त्याच मोहिमेत हजारो घरांचे असेच चुकीचे जोडही शोधून दुरुस्त करावे लागले. ते आपल्याकडे कुणी सांगत नाही.

तिसरी चूक आपल्या नदीची खास आहे. सगळं सांडपाणी उचलून पूर्वेला भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात नेलं की शहरातली नाग वाहू लागेल, असं लोक समजतात. उन्हाळ्यात तिला स्वतःचं पाणी उरलेलंच नाही, सांडपाणी काढलं की पात्र कोरडं पडेल. म्हणून वरच्या अंगाला लहान शुद्धीकरण केंद्रं हवीत आणि त्यांचं पाणी तिथेच नदीत परत सोडायला हवं. तेही नेहमीच्या शुद्धीकरणावर न थांबता, शेवटी जंतू मारून. म्यूनिकच्या वर ईझार नदीवरच्या केंद्रांत यासाठी अतिनील किरण वापरतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. जिवाणूंची पावडर किंवा जिवाणू मिसळलेले मातीचे गोळे नदीत टाकू नका, रोज येणाऱ्या सांडपाण्यापुढे त्यांचा काही पाड लागत नाही. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नको, मासे मरतील. दोन्ही काठ काँक्रीटने बांधायची घाई करू नका, काठची माती आणि गवतही पाणी गाळतात. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस पाण्यात पाय घालू नका, रस्त्यावरची सगळी घाण तेव्हाच उतरते आणि लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये सेनमधली पुरुषांची ट्रायथलॉन शर्यतही एक दिवस पुढे ढकलावी लागली, तीही पावसानंतरच्या पाण्यामुळेच.

आणि एकदम अख्खी नदी हातात घेऊ नका. तुमच्या घराजवळचा एक पाइप धरा. सोबत बादली, घड्याळ, वही आणि केशरी रंगाची पुडी. पहाटे साडेपाचला पोचा, नळ यायच्या आत.