बटाटा, मीठ आणि साखर: पेशीपटलातून पाणी कुठे जातं ते घरी कसं तपासावं

कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावलं की पाच मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं. युरिया जास्त पडला की कपाशीची पानं कडेने करपतात. जुलाब लागलेल्या लेकराला नुसतं पाणी पाजण्याऐवजी साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगतात. या तिन्हीमागे एकच गोष्ट आहे. पेशीभोवतीचं पटल पाण्याला सहज ये-जा करू देतं, मीठ-साखरेला मात्र अडवतं. त्यामुळे ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात. आठवीच्या पुस्तकात व्याख्या असते, ती पाठही होते. पण पाणी किती गेलं हे स्वतः वजन करून पाहिल्याशिवाय ती व्याख्या अंगवळणी पडत नाही.

पुढचा प्रयोग स्वयंपाकघरात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळा नसतानाही होतो.

सामान

एक मोठा, टणक, ताजा बटाटा लागेल. मऊ पडलेला किंवा कोंब फुटलेला नको. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, साखर ९० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, सारखे सहा ग्लास, धारदार सुरी, पट्टी आणि टिपकागद किंवा स्वच्छ सुती फडकं घ्या. मोजमापाचा ग्लास नसेल तर मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणावी.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात महत्त्वाचा. बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात क्षार आधीच विरघळलेले असतात. लिटरला १ ग्रॅम क्षार असले तरी ते ०.१ टक्का झाले. याने प्रयोग पूर्ण बिघडत नाही, पण ‘साध्या पाण्या’चा ग्लास खरोखर साधा राहत नाही. जारचं फिल्टर केलेलं पाणी घ्या आणि सहाही ग्लासांत एकाच जारचं वापरा. ते फिल्टर चालतं तेही याच नियमाला जोर लावून उलटं फिरवून: पंपाच्या दाबाने पाणी पटलातून पलीकडे ढकलतात आणि क्षार अलीकडे ठेवतात.

द्रावण बनवणं

पाच ग्लासांवर ०, ४, ८, १२ आणि २० असे साखरेचे टक्के लिहा. त्यांत अनुक्रमे ०, ८, १६, २४ आणि ४० ग्रॅम साखर घाला. आधी १५० मिली पाण्यात साखर पूर्ण विरघळवा, मग पाणी घालून एकूण २०० मिली करा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. २०० मिली पाणी मोजून त्यात ४० ग्रॅम साखर टाकली तर द्रावण सव्वादोनशे मिलीच्या आसपास होतं. मग ते २० टक्के उरत नाही, १८ च्या खाली येतं. सहाव्या ग्लासात २ ग्रॅम मीठ आणि एकूण २०० मिली पाणी, म्हणजे १ टक्का मीठ.

काप आणि वजन

१. बटाटा सोलून १ सेंटीमीटर जाड, १ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर लांब असे अठरा काप करा. एका बटाट्यात बसले नाहीत तर त्याच ढिगातला दुसरा घ्या आणि दोन्हींचे काप सगळ्या ग्लासांत वाटून टाका. साल कुठेही राहू देऊ नका, सालीतून पाणी जवळजवळ जातच नाही.

२. तीन-तीन कापांचे सहा गट करा. असा एक काप साधारण साडेपाच ग्रॅम भरतो. एकेकटा तोलला तर काट्याची ०.१ ग्रॅमची चूक जवळपास २ टक्के होते. तीन एकत्र तोलले की तीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते.

३. प्रत्येक गट टिपकागदावर एकदा फिरवून तोला, वजन लिहा आणि लगेच ग्लासात सोडा. कापून ठेवलेले काप मे महिन्याच्या हवेत दहा मिनिटांतही सुकतात आणि सुरुवातीचं वजनच खोटं पडतं.

४. सगळे ग्लास झाकून एकाच सावलीच्या जागी तीन तास ठेवा. रात्रभर ठेवू नका. उन्हाळ्यात साखरेचं पाणी आंबतं आणि बटाटा बुळबुळीत होतो.

५. बाहेर काढा, पहिल्यासारखंच टिपा, तोला. टिपण्याची पद्धत दोन्ही वेळा सारखी हवी. एकदा घट्ट दाबलं आणि एकदा नुसतं टेकवलं तर येणारा फरक टिपण्याचा असतो, परासरणाचा नव्हे.

तोलण्याआधी काप बोटांत धरून पाहा. साध्या पाण्यातला ताठ असतो, वाकवला तर कट्‌कन मोडतो. २० टक्क्यांतला लोंबतो, बोटाभोवती वळवला तरी मोडत नाही. भाजी ताजी की शिळी हे बाजारात आपण याच ताठपणावरून ओळखतो. तो ताठपणा पेशीभित्तिकेवर आतून रेटणाऱ्या पाण्याचा असतो.

आकडे कसे वाचायचे

वजनातला फरक ग्रॅममध्ये नको, टक्क्यांत काढा: (नंतरचं वजन वजा आधीचं वजन) भागिले आधीचं वजन, गुणिले १००. कारण सहाही गट सुरुवातीला नेमके सारख्या वजनाचे नसतात.

समजा ८ टक्क्यांच्या ग्लासातले काप १६.४ वरून १६.८ ग्रॅम झाले, म्हणजे २.४ टक्के वाढ. १२ टक्क्यांतले १६.० वरून १५.२ वर आले, म्हणजे ५ टक्के घट. मग वाढही नाही आणि घटही नाही असा बिंदू या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. आलेखाच्या कागदावर आडवे साखरेचे टक्के, उभा वजनातला फरक मांडून रेघ जोडली की ती शून्याला साधारण ९.३ वर छेदते. या बटाट्याच्या पेशीरसात जेवढे कण विरघळलेले आहेत, तेवढेच ९.३ टक्के साखरेच्या पाण्यात आहेत. हे त्याचं समपरासारी द्रावण. याच्यापेक्षा पातळ ते अवपरासारी, दाट ते अतिपरासारी. तुमचा बटाटा ७ दाखवेल किंवा ११ दाखवेल. जात, साठवण आणि ताजेपणा यांप्रमाणे ते बदलतं.

आता मिठाचा ग्लास. त्यात फक्त १ टक्का मीठ आहे, तरी काप ११-१२ टक्के साखरेत असल्यासारखे वागतात, म्हणजे थोडं वजन गमावतात. पाणी वजन मोजत नाही, कण मोजतं. साखरेचा रेणू जड आहे: ३४२ ग्रॅम साखरेत जेवढे रेणू, तेवढेच कण मिठाच्या ५८.५ ग्रॅममध्ये. शिवाय मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात. म्हणून १ ग्रॅम मिठाची ओढ साधारण पावणेबारा ग्रॅम साखरेइतकी पडते. दवाखान्यात लावतात ते मिठाचं सलाईन ०.९ टक्के आणि ग्लुकोजचं ५ टक्के असतं. टक्के वेगळे असले तरी कणांची संख्या जवळपास सारखी आणि रक्ताला जुळणारी असते. शिरेतून नुसतं शुद्ध पाणी सोडलं तर रक्तातल्या लाल पेशी पाणी पिऊन फुटतात.

कांद्याची पेशी आकसताना पाहणं

शाळेत सूक्ष्मदर्शक किंवा कागदी फोल्डस्कोप असेल तर हा भाग सोडू नये. लाल कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा आणि झाकणकाच लावा. पेशी गुलाबी भरलेल्या दिसतील. आता झाकणकाचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. मिठाचं पाणी आत ओढलं जातं. दोन-तीन मिनिटांत गुलाबी रंग आधी पेशीच्या कोपऱ्यांतून सुटतो, मग चहूबाजूंनी भिंतीपासून मागे सरतो आणि मधोमध गडद गोळा होऊन बसतो. भिंत जागेवरच राहते. हा रससंकोच. त्याच पद्धतीने साधं पाणी ओढलं की रंग पुन्हा भिंतीला जाऊन भिडतो.

रंग परत पसरला नाही तर पापुद्रा मिठात फार वेळ राहून पेशी मेल्या आहेत. आणखी एक कारण वर्गात नेहमी आढळतं: पेशी नीट दिसाव्यात म्हणून आयोडीन घातलेलं असतं. आयोडीनने पेशी मरतात, आणि मेलेलं पटल निवड करू शकत नाही. आयोडीन घातलेल्या पापुद्र्यावर हा प्रयोग करू नये.

पटल मेलं की काय होतं ते बीट दाखवतं. बिटाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. निम्मे तुकडे माठातल्या पाण्यात टाका. उरलेले, अर्धं उकळतं आणि अर्धं साधं असं मिसळलेल्या पाण्यात टाका. ते साधारण साठ अंशांवर येतं. वीस मिनिटांनी पहिला ग्लास जेमतेम गुलाबी असतो, दुसरा लालभडक. उष्णतेने पटल फाटलं, आतला रंग बाहेर आला.

अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये विरघळवून करतात तो प्रयोग दिसायला छान आहे. पण कवचाखालचा तो पापुद्रा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो, पेशीपटल नव्हे. पटल समजून घ्यायचं तर बटाटा आणि कांदाच बरा.

प्रयोगात न दिसणारा भाग

पटल ७-८ नॅनोमीटर जाड, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ पार होतात, जिकडे कमी तिकडे. हे विसरण. पाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटा असतात. त्या शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पटलातच बसलेला, प्रथिनाचाच बनलेला सोडियम-पोटॅशियमचा पंप मात्र ऊर्जा खर्चून उताराच्या उलट काम करतो: दर फेरीला ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. पेशीत सोडियम सतत कमी राहतं ते यामुळे.

जुलाबातलं साखर-मिठाचं पाणी या पंपावरच चालतं. आतड्याच्या पेशीत सोडियम कमी असल्याने बाहेरचं सोडियम आत घुसू पाहतं. तिथलं एक वाहक प्रथिन दोन सोडियमबरोबर एक ग्लुकोज आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी येतं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर रुग्ण जगवले.

ओआरएसच्या, म्हणजे याच पाण्याच्या तयार पुडीच्या, मोठ्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. ते पूर्ण १ लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवा. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका आणि चवीसाठी वरून साखर घालू नका. द्रावण रक्तापेक्षा दाट झालं की पाणी शरीरातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमच्यावर ढीग नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. लेकरू सुस्त पडलं, पाणीही पोटात टिकेना किंवा लघवी बंद झाली तर घरी थांबू नका, दवाखान्यात न्या.

शेतात हेच गणित

कपाशी-सोयाबीनवर २ टक्के युरिया फवारतात, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. कण मोजले तर हे द्रावण ११-१२ टक्के साखरेच्या तोडीचं आहे, म्हणजे पेशीरसाच्या जवळपासचं. ५ टक्क्यांना ते अडीचपट होतं आणि पान करपतं. भर दुपारी फवारलं तर २ टक्क्यांचा थेंबही पानावर सुकता सुकता दाट होतो, म्हणून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारावं.

कालव्याच्या लाभक्षेत्रात, जायकवाडीखालीही, निचरा नसलेल्या काळ्या जमिनी खारवट होतात. तिथे मातीत ओल असूनही पीक माना टाकतं. शेतकरी आणखी पाणी देतो, पाणी साचतं, सुकताना क्षार वर येतात आणि त्रास वाढतो. आधी माती परीक्षणात विद्युत वाहकता पाहावी; क्षार जास्त तशी ती जास्त. एक भाग माती, अडीच भाग पाणी या पद्धतीने ती १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर उगवणीला त्रास सुरू होतो. उपाय या क्रमाने: आधी चर काढून निचरा करा, मग गोड्या पाण्याची भरपूर पाळी देऊन क्षार खाली धुऊन काढा, आणि पेरणीनंतर उगवण होईपर्यंत वरचा थर सुकू देऊ नका. चर नसताना दिलेलं पाणी क्षार खाली नेत नाही, तिथेच ठेवतं.