घोड्याची ‘नस’ गेली, तर पुढचं वर्ष कसं काढायचं

लंगडणं थांबलं म्हणजे घोडी बरी झाली, असं मी धरून चाललो आणि चार महिने पाण्यात घातले. फेब्रुवारीत तिच्या पुढच्या डाव्या पायाची नस गेली होती. मे अखेरीला ती तिळभरही लंगडत नव्हती. गावाहून काका आले, म्हणाले, “अरे, जनावर कोंडून मारतोस का? सोड की जरा वावरात.” सोडली. दोन लाथा झाडल्या, शेपूट उभारून पन्नासेक पावलं चौखूर उधळली, आणि बांधापाशी जाऊन तीन पायांवर उभी राहिली. दुसरी जखम पहिलीपेक्षा मोठी निघाली. पुढे जे लिहितोय ते या दुसऱ्या खेपेला, डॉक्टरांचं ऐकून, नीट केलेलं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. तबेल्यात जिला ‘नस’ म्हणतात तिचा रक्तवाहिनीशी किंवा मज्जातंतूशी संबंध नाही. ती कंडरा, म्हणजे टेंडन. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच. नळीच्या हाडामागून दोन दोर खाली उतरतात, एक कातडीलगत आणि दुसरा त्याच्या आत. कातडीलगतचा दोर प्रत्येक टापेला रबरासारखा ताणतो आणि परत येतो. भरधाव वेगात तो स्वतःच्या लांबीच्या १२ ते १६ टक्के ताणला जातो, आणि तुटण्याची हद्द तिथून फार लांब नसते. धावताना त्याचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून नस जाते ती बहुतेक वेळा पुढच्याच पायाची.

फाटलेल्या जागी मूळचे धागे परत येत नाहीत, तिथे व्रण भरतो. हा व्रण सुरुवातीला कसाही गुंतलेल्या सुतासारखा असतो. तो सरळ रेषेत, ताण सोसेल असा विणला जायला नऊ महिने ते दीड वर्ष लागतं. दुखणं मात्र काही आठवड्यांत ओसरतं. घोडा चुकीच्या वेळी मोकळा सुटतो तो या मधल्या काळात.

पहिले दोन दिवस

घोडा जिथे उभा आहे तिथेच थांबवा. चालवून “पाय मोकळा होतो का” हे बघू नका. पायाच्या मागच्या बाजूला सूज, ऊब, दाबल्यावर पाय ओढून घेणं ही खूण पुरेशी आहे. वजन टाकल्यावर घोटा जमिनीकडे खचत असेल किंवा खुराचं टोक वर उचललं जात असेल, तर दोर पूर्ण तुटल्याची शक्यता आहे. अशा वेळी पायाला आधाराची पट्टी किंवा खपाटी बांधल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नये. काटेरी तारेत अडकून नस कापली गेली असेल, तर तो वेगळाच मामला. स्वच्छ कापडाने जखम झाका आणि तासाभरात डॉक्टर गाठा. धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते सांगायला विसरू नका, कारण घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो.

बंद जखमेत पहिला उपाय थंडावा. वीस ते तीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आम्ही ट्रकची जुनी ट्यूब कापून पायात मोज्यासारखी चढवली, खालून बांधली आणि वरून पाणी आणि बर्फाचा चुरा ओतला. बर्फाचा नुसता खडा कातडीवर धरू नका. मधल्या वेळात कापसाचे जाड थर देऊन पट्टी बांधायची, दाब वरपासून खालपर्यंत सारखा. एखादा वेढा दोरीसारखा आवळला गेला, तर त्या पट्टीनेच नवी सूज उभी राहते. पट्टी दुसऱ्या पायालाही हवी, कारण आता सगळा भार त्याच्यावर आहे.

औषधाच्या डब्यात काय नको

माणसांचं डायक्लोफिनॅक टोचू नका. जनावरांसाठी ते आपल्याकडे २००६ पासून बंद आहे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखं पर्यायी औषध आहे, पण ते डॉक्टरांनी, वजन बघून द्यावं. आणि नसेतच थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे नको म्हणा. सूज झटक्यात उतरते खरी, पण कंडरा आतून कमजोर होते, कधी तिच्यात चुनाही साचतो.

दुखणं औषधाने पूर्ण मारू नये, असं माझं मत झालंय. थोडं दुखत असलं की घोडा स्वतःच पाय सांभाळतो.

सोनोग्राफी, पण पहिल्या दिवशी नाही

पहिल्या काही दिवसांत नसेतली फाटलेली जागा वाढत असते, त्यामुळे लगेच केलेल्या तपासणीत जखम असते त्याहून लहान दिसते. साधारण सात ते दहा दिवसांनी केलेली सोनोग्राफी खरी. गाभ्यात जखम असेल तर करड्या दोराच्या मध्ये काळं भोक दिसतं. दोराच्या छेदाचा किती हिस्सा काळा आहे आणि ते भोक लांबीला किती आहे, हे दोन आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्यांच्याशी ताडून होतात. दुसरा पायही दाखवून घ्या. बरेचदा तिथेही थोडी इजा असते आणि मोठ्या दुखण्यापुढे ती झाकून जाते.

नालबंदाला बोलवा

हे बहुतेक जण विसरतात. पुढून लांब वाढलेला आणि टाचेकडे बसलेला खूर नसेवर प्रत्येक पावलाला जादा ताण देतो. खूर समतोल छाटून घ्या, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. इथे एक गफलत हमखास होते. ‘टाच उचलली की नस सैल पडते’ म्हणून नालेखाली पाचर ठोकतात. आतल्या दोराच्या बाबतीत ते खरं आहे. पण कातडीलगतच्या दोरावरचा ताण टाच उचलल्याने कमी होत नाही, उलट वाढू शकतो. कुठला दोर फाटलाय हे कळल्याशिवाय पाचर नको.

कोंडून ठेवणं आणि चंदी

बारा बाय बारा फुटांची खोली, खाली भरपूर पेंढा, समोर दुसरं जनावर दिसेल अशी. अगाडी-पिछाडी बांधून ठेवण्यापेक्षा हे बरं, नसेला हिसके बसत नाहीत. आमच्या घोडीने पहिल्या आठवड्यात दार चावून काढलं, मग शेजारी एक शेळी बांधली. ती शेळी आता विकायची सोय राहिलेली नाही.

काम बंद झालं की चंदीही त्याच दिवशी कमी करायची. हरभरा, जव, कोंडा जवळपास बंदच. सुकं गवत आणि पाणी मात्र सदैव समोर. उभ्या घोड्याला पूर्ण चंदी दिली तर त्याची मस्ती वाढते, पोटशूळ होतो आणि ज्या पायावर भार आहे त्याच्या खुरात जळजळ सुरू होण्याचा धोका असतो. लीद रोज मोजा. दिवसाला आठ-दहा वेळा टाकणारा घोडा अचानक तीनवर आला, तर वाट बघू नका.

चालवणं: सगळं यश इथेच

नुसतं कोंडूनही नस बरी होत नाही. व्रणाचे धागे सरळ लागायला त्यांना थोडा, मोजका, रोजचा ताण लागतो. किती, कधी वाढवायचा हे डॉक्टर सोनोग्राफी बघून ठरवतात. जबर जखमेत आम्हाला मिळालेला क्रम साधारण असा होता:

पहिला महिना: सूज उतरल्यावर हातात धरून पाच ते दहा मिनिटं, दोन वेळा.
दुसरा आणि तिसरा: वीस मिनिटांपासून वाढवत चाळीसपर्यंत. महिना संपताना सोनोग्राफी.
चौथा: पाठीवर हलका स्वार घेऊन, फक्त कदम चाल.
पाचवा ते सातवा: दुडकी. सुरुवातीला दिवसाला पाच मिनिटं, दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं जास्त. शेवटी पुन्हा सोनोग्राफी.
आठवा ते दहावा: हलकी दौड.
भरधाव वेग वर्षाच्या आसपास, तोही सोनोग्राफीत दोर भरलेला दिसला तरच.

चालवायचं सरळ रेषेत, घट्ट सपाट जमिनीवर. खोल वाळू, नांगरट, पावसाळ्यातला चिखल नको. लांब दोरीवर गोल फिरवणं तर अजिबात नको, वळणावर आतल्या पायावर भार येतो. बाहेर पडताच घोडा नाचणार असेल, तर चालवण्याआधी डॉक्टर सौम्य गुंगी देतात. त्यात कमीपणा काही नाही.

आता हाताचं काम. रोज सकाळी, घोडा बाहेर काढण्याआधी, आधी तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही नळ्यांची ऊब ताडून बघायची. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडायचा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नस धरायची आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हळूहळू उतरत जायचं. चांगल्या पायाची नस ताठ सुतळीसारखी लागते, कडा स्पष्ट. दुखऱ्या पायाची मध्ये फुगलेली, कडा हरवलेल्या. ती जाडी कायमची राहू शकते, त्याने घाबरू नका. बघायचं ते कालपेक्षा बदल आहे का. मी नळीवर तीन जागी केस किंचित कातरून खुणा केल्या आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजून वहीत लिहायचो. ऊब वाढली, घेर वाढला किंवा चिमटीत घोडीने पाय झटकला, की त्या दिवशीचं काम रद्द आणि मागच्या पायरीवर परत. सोनोग्राफीतही हाच हिशेब: काम वाढवल्यावर दोराचा छेद दहा टक्क्यांहून अधिक फुगला, तर घाई झाली.

बाकीचे उपाय

घोड्याच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटचा अंश किंवा अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूळपेशी जखमेत सोडतात. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने मूळपेशींवर बरंच काम केलंय आणि पुन्हा नस जाण्याचं प्रमाण त्याने कमी होताना दिसलंय. खर्च मोठा, आणि वर्षभराचं चालवणं त्याने टळत नाही.

तापल्या लोखंडाचे डाग देणारे अजून भेटतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापून आले, त्यात डागल्याने नस बरी होण्याला काही मदत होते असं दिसलं नाही. डागलेला घोडा बरा होतो तो डागल्यानंतर त्याला महिनोन्‌महिने विश्रांती मिळते म्हणून. मग विश्रांतीच द्या की.

परत धावेल का?

शर्यतीच्या घोड्यांत पुन्हा नस जाण्याचं प्रमाण मोठं आहे. तरी इंग्लंडच्या अल्डानिटी या शर्यतीच्या घोड्याचं नाव घ्यावंच लागतं. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्याची नस जबर गेली, पायाचं दुखणं तसं आधीपासूनच होतं. सव्वा वर्ष त्याला धावू दिलं नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये तो परतून जिंकला, आणि ४ एप्रिलला, अकराव्या वर्षी, ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यतही त्याने मारली. ३० अडथळे, सुमारे सात किलोमीटर. त्याचा स्वार बॉब चॅम्पियन स्वतः कर्करोगातून उठलेला होता. ही गोष्ट सांगताना लोक शर्यत सांगतात, मधलं सव्वा वर्ष गाळतात.

सगळ्यांना ते सव्वा वर्ष परवडत नाही. माथेरानला पर्यटक फिरवून घर चालवणाऱ्याला घोडा वर्षभर बसवून पोसणं किती अवघड, हे मी शहाणपणाने बोलून सोपं होणार नाही. पण त्यालाही पहिले तीन महिने आणि एक सोनोग्राफी जमली, तर पुढे चढ-उतार टाळून, हलक्या ओझ्यावर घोडा कामाला लावता येतो. जिथे दोर निम्म्याहून अधिक फाटलाय, तिथे वेगाचा नाद सोडून साध्या रपेटीचा घोडा म्हणूनच विचार केलेला बरा.

आमच्या घोडीने दुसऱ्या खेपेच्या अकराव्या महिन्यात पहिली हलकी दौड घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमूट लावली, टेप लावली: मधली खूण साडेएकोणीस सेंटिमीटर, आदल्या दिवसाइतकीच. काका अजून फोनवर विचारतात, मोकळी कधी सोडणार म्हणून. सध्या तिला गोठ्यामागे बारा पावलं बाय पंधरा पावलांचं कुंपण घातलेलं आवार दिलंय, आणि आत शेळी आहे.