ग्लासवेअर: हा शब्द कुठे चालतो, कुठे अडतो

ग्लासवेअर म्हणजे काचेच्या वापरायच्या वस्तू: पेले, वाडगे, बरण्या, फुलदाण्या, प्रयोगशाळेतली चंचुपात्रं. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द काचसामान. 'सामान' मनात धरलं की इंग्रजी वाक्य सहसा चुकत नाही. आपण 'सहा सामानं आली' म्हणत नाही, तसंच इंग्रजीत 'सिक्स ग्लासवेअर्स' म्हणत नाहीत. आधी 'अ' लागत नाही, शेवटी 'स' लागत नाही आणि क्रियापद एकवचनी राहतं: 'द ग्लासवेअर इज ऑन द टॉप शेल्फ'. 'मेनी ग्लासवेअर' चूक, 'अ लॉट ऑफ ग्लासवेअर' बरोबर. नग मोजायचेच असतील तर 'सिक्स पीसेस ऑफ ग्लासवेअर' म्हणावं, किंवा सरळ वस्तूचं नाव घ्यावं: सिक्स बोल्स, फोर जार्स. बोलताना दुसरा मार्ग जास्त नैसर्गिक वाटतो.

मराठी माणसाची खरी अडचण व्याकरणात नसून 'ग्लास' या शब्दात आहे. आपल्याकडे ग्लास म्हणजे पाणी प्यायचं भांडं. मग ते स्टीलचं असो, पितळेचं की प्लास्टिकचं. म्हणूनच आपल्याला 'काचेचा ग्लास' असं वेगळं सांगावं लागतं. ग्लासवेअरमधला ग्लास मात्र पदार्थ सांगतो, आकार नाही. स्टीलचे डझनभर ग्लास म्हणजे ग्लासवेअर नव्हे. इंग्रजीत ते स्टील टंबलर्स. उलट काचेची ताटली ग्लासच्या आकाराची नसूनही ग्लासवेअर आहे. इथे ओपलवेअरही लक्षात घ्यावं. पांढऱ्याशुभ्र ओपलच्या ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्या असतात, दुकानात क्रोकरीच्या मांडणीत ठेवलेल्या असतात, पण ओपल ही दुधी काचच. चिनी मातीच्या कपबशा मात्र क्रोकरीच, त्यांना ग्लासवेअर म्हणू नये.

काचेचं सगळंच ग्लासवेअर होतं असंही नाही. खिडकीचं तावदान, आरसा, चष्म्याची भिंगं, बांगड्या यांना हा शब्द लागत नाही. 'ग्लासेस' म्हटलं की संदर्भानुसार पेले तरी समजतील नाहीतर चष्मा. 'ग्लासवर्क' म्हणजे काचकाम आणि शेवटी 'स' लागून 'ग्लासवर्क्स' झालं की काचेचा कारखाना. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्समधलं 'वर्क्स' याच अर्थाचं.

स्पेलिंगमध्ये आपली गफलत हमखास होते, कारण देवनागरीत 'वेअर' एकच दिसतं. ग्लासवेअरमधलं वेअर डब्ल्यू-ए-आर-ई, अर्थ माल किंवा सामान. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, वेअरहाउस यांतही तेच. फुटवेअरमधलं वेअर डब्ल्यू-ई-ए-आर, म्हणजे अंगावर किंवा पायात घालायचं. ग्लासवेअर एकच शब्द, मध्ये जागा सोडायची नाही. उच्चारात जोर 'ग्लास'वर.

मराठी वाक्यात तो आणला तर नपुंसकलिंगी एकवचन छान बसतं: 'सगळं ग्लासवेअर धुऊन ठेवलंय'. पण घरातल्या बोलण्यात 'काचेची भांडी' हेच बरं, कारण ऐकणाऱ्याला थांबावं लागत नाही.

या शब्दाला सर्वांत काटेकोरपणा लागतो तो शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. मागणीपत्रावर 'ग्लासवेअर, १ सेट' लिहिलं की पुरवठादार त्याच्या सोयीचं पाठवतो. ग्लासवेअर हे शीर्षक म्हणून लिहावं आणि खाली प्रत्येक ओळीत वस्तू, काचेचा प्रकार, माप आणि नग द्यावेत. उदाहरणार्थ: 'बीकर, बोरोसिलिकेट ३.३, २५० मिली, १२ नग' किंवा 'ब्युरेट, ५० मिली, ०.१ मिली विभाग, क्लास ए, ६ नग'. बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणारी काच. ते लिहायचं राहिलं तर साध्या सोडा-लाइम काचेची भांडी येऊ शकतात. ती काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या सुमारे अडीच-तीन पट प्रसरण पावते, म्हणून बर्नरवर तडकते. क्लास, म्हणजे मापाच्या अचूकतेचा दर्जा, राहिला तर क्लास बी येऊ शकेल: ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये क्लास ए ची चूक ०.०५ मिलीपर्यंत चालते, क्लास बी ची ०.१ मिलीपर्यंत. आणि पॉलिप्रॉपिलीनचे बीकर ग्लासवेअरखाली नोंदवू नयेत, ते प्लास्टिकवेअर. दोन्ही एका शीर्षकाखाली घ्यायचे असतील तर 'लॅबवेअर' लिहावं.

बिलातही हाच भेद येतो. एचएसएन यादीत, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेल्या वर्गीकरण-क्रमांकांच्या यादीत, टेबल, स्वयंपाकघर आणि सजावटीचं ग्लासवेअर ७०१३ खाली येतं, प्रयोगशाळेचं ७०१७ खाली आणि माल भरून पाठवायच्या बाटल्या-बरण्या ७०१० खाली. 'ग्लासवेअर' शब्द पाहून सगळं ७०१३ मध्ये ढकललं की नोंद चुकते.

पार्सल पाठवताना खोक्यावर 'ग्लासेस' लिहू नये. आत पेले आहेत की गॉगल, हे बाहेरून कळत नाही. 'फ्रॅजाइल, ग्लासवेअर' लिहावं, कागदपत्रात संख्या खोक्यांची द्यावी: 'फोर कार्टन्स ऑफ ग्लासवेअर'. माल राज्यातल्या राज्यात जाणार असेल तर त्याच्याच खाली ठळक मराठीत 'काचसामान, आदळू नये' असंही लिहावं, आणि तेही वरच्या झाकणावर नको, खोक्याच्या बाजूंवर. एकावर एक खोकी रचली की झाकणावरचं काहीच दिसत नाही.