सायरन वाट मागतो, वाट देत नाही

दिवे-सायरन लावले की रस्ता आपला झाला, असं नव्या अ‍ॅम्ब्युलन्स चालकाला हमखास वाटतं. प्रत्यक्षात समोरची गाडी थांबेपर्यंत वाट मिळालेली नसते. बऱ्याच ठिकाणी सिग्नल ओलांडायची सवलत गंभीर कॉलवर, दिवे आणि सायरन दोन्ही चालू असतानाच असते, आणि तेव्हाही अपघात झाला तर जबाबदारी चालकावर येऊ शकते.

श्वास किंवा हृदय बंद पडलंय, रक्तस्राव थांबत नाही, पक्षाघाताचा झटका आलाय, अशा कॉलवर मिनिटं मोलाची असतात. तिथे दोन्ही लावा. रुग्ण शुद्धीवर आणि स्थिर असेल, नुसता हात मोडला असेल, तपासणीसाठी ने-आण असेल किंवा गाडी रिकामी परतत असेल, तर सायरन नको. जाताना लावला म्हणून येताना लावायचाच असंही नाही. मागे बसलेल्या डॉक्टरला किंवा पॅरामेडिकला विचारून नव्याने ठरवा. छातीत दुखणारा माणूस सायरनने आणखी घाबरतो आणि हेलकावे खाणाऱ्या गाडीत सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) नीट देता येत नाही. वळणाआधी, ब्रेकआधी मागे आवाज द्या; तिथला माणूस बहुधा पट्टा सोडून रुग्णावर वाकलेला असतो.

खरा धोका चौकात. काचा बंद, गाणी चालू अशा गाडीत सायरन फार उशिरा ऐकू येतो. समजा, तो ५० मीटरवर ऐकू आला. ताशी ६० किमी वेगाने तुम्ही ३ सेकंदांत तिथे पोहोचता. वेग ४० केलात तर त्या चालकाला साडेचार सेकंद मिळतात. म्हणून चौक येण्याआधीच वेग उतरवा आणि सायरनच्या लांब, चढउताराच्या आवाजावरून तुटक, जलद आवाजावर या. नुसत्या आवाजाची दिशा माणसाला सहज कळत नाही, पण तो बदलला की मान वळते. सिग्नल लाल असेल तर पूर्ण थांबा. पहिली लेन थांबली, चालकाशी नजरानजर झाली, की तेवढीच ओलांडा, मग दुसरी. थांबलेल्या बसआडून येणारी दुचाकी तुम्हाला दिसत नाही आणि तिला तुम्ही दिसत नाही.

लाल सिग्नलला पुढे गाड्या तुंबल्या असतील आणि बाजूने वाट नसेल, तर मागेच थांबून सायरन बंद करा. नाहीतर घाबरून कोणीतरी आडव्या वाहतुकीत गाडी घालतो. दोन अ‍ॅम्ब्युलन्स मागोमाग असतील तर दोघींचे आवाज वेगळे ठेवा आणि अंतर राखा. पहिली गेली की लोक लगेच रस्त्यावर येतात आणि दुसरीपुढे सापडतात.

रात्री मोकळ्या रस्त्यावर नुसते दिवे पुरतात, मात्र चौक आणि आंधळं वळण आलं की सायरन लावा. घटनास्थळी पोहोचलात की सायरन बंद, दिवे चालू. हेडलाइटचा झोत मात्र उतरवा, नाहीतर समोरून येणाऱ्याला उतरलेली माणसंच दिसत नाहीत.

बाकी वाहनचालकांनी आरशात दिवे दिसताच इंडिकेटर द्यावा, हळूहळू कडेला यावं आणि थांबावं. जागच्या जागी करकचून ब्रेक मारू नये. वळणावर किंवा अरुंद पुलावर थांबण्यापेक्षा तसंच पुढे जाऊन मोकळी जागा गाठावी. निघण्याआधी पुन्हा मागे पाहावं, आणि अ‍ॅम्ब्युलन्सच्या शेपटाला लागून गर्दी फोडायचा मोह टाळावा. ती कधी थांबेल, सांगता येत नाही.