वेंब्लीच्या लेखाला हात लावण्याआधी

विकिपीडियावरचा लंडनच्या वेंब्ली या फुटबॉल स्टेडियमचा लेख सुधारायला बसणार असाल तर एडिट दाबायच्या आधी जुनं वेंब्ली आणि नवं वेंब्ली डोक्यात नीट वेगळं करून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. १९२३ ला उघडलेलं, दोन पांढऱ्या मनोऱ्यांचं ते जुनं, ते २००० साली बंद झालं आणि मग पाडलं, त्याच जागेवर २००७ ला सुरू झालं ते आत्ताचं कमानीवालं. म्हणजे १९६६ ची वर्ल्ड कप फायनल नव्याच्या खात्यात टाकायची नाही, जुन्याच्या इतिहासातच ठेवायची. वहीत दोन रकाने पाडा आणि प्रत्येक मॅच, प्रत्येक आकडा कुठल्या रकान्यात जातो ते आधी ठरवा.

मग आकडे. क्षमता वेगळी आणि हजेरी वेगळी, हे पक्कं लक्षात ठेवा. आत्ताची क्षमता ९०,००० खुर्च्यांची. १९२३ च्या एफए कप (इंग्लंडमधली क्लबांची फुटबॉल स्पर्धा) फायनलची अधिकृत हजेरी १,२६,०४७, पण त्या दिवशी लोक भिंती आणि गेटं ओलांडून आत शिरले होते त्यामुळे अंदाज दोन लाखांच्याही वर जातात. इथे एकच आकडा ठोकून मोकळं होऊ नका, दोन्ही द्या आणि कुठला अधिकृत, कुठला अंदाज ते तिथल्या तिथे लिहा. त्याच मॅचमध्ये मैदानात घुसलेली गर्दी मागे हटवणारा पोलिसांचा घोडा बिली, तो खरं तर राखाडी होता, ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये पांढरा दिसतो. मला असे तपशील फार मोलाचे वाटतात, लेख वाचावासा वाटतो तो यांच्यामुळेच, फक्त प्रत्येकाला संदर्भ हवा.

कमानीबद्दल लिहाल तर १३३ मीटर उंची आणि ३१५ मीटर लांबी एवढ्यावर थांबू नका, ती छताचा भार पेलते म्हणून प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारे खांब लागत नाहीत हे सांगा. छत सरकतं, पण मैदान पूर्ण झाकत नाही, हेही तपासून घाला. भव्यदिव्य, जगप्रसिद्ध वगैरे विशेषणं सरळ काढा.

महिलांच्या मॅचेस हमखास राहून जातात आणि ते मला अजिबात पटत नाही! २०२२ च्या महिला युरो (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) फायनलला ८७,१९२ लोक होते, इंग्लंडने जर्मनीला २-१ हरवलं, ही मॅच महत्त्वाच्या सामन्यांत यायलाच हवी.

संदर्भांसाठी स्टेडियमची स्वतःची साइट उंची, खुर्च्या अशा साध्या माहितीपुरती ठीक, बाकी जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं बघा. फोटो कॉमन्सवरूनच (विकिपीडियाचा मुक्त फोटोंचा साठा) घ्या, जुन्या मनोऱ्यांचा एक तरी असू दे. मसुदा आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरचं सरावाचं पान) लिहा, बदल एकदम न टाकता भागाभागाने टाका, दर वेळी सारांशात काय बदललं ते लिहा, आणि कुणाचा मोठा मजकूर उडवायचा असेल तर आधी चर्चा पानावर विचारून दोन-चार दिवस थांबा.